जोडी तेवीस

सेमिनरी हिल्सच्या उतारावर
जेठातल्या वादळात आडवा झालेला बेहडा
भादवा लागला तरी कुणी उचलला नाही.
साल सुटलीय, खाली पांढरी बुरशी,
वास असा की ओल्या पोत्यात कुणी ताक सांडावं.
मी रोज जाते. पिशवीत दहापट भिंग,
इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या
आणि वैरागडे मॅडमची वही.

चाळीस वर्षं मी प्रयोगशाळेत काचपट्ट्या धुतल्या.
पुठ्ठ्याच्या इवल्या त्रिकोणावर माशी चिकटवायची,
तिच्या उजव्या कुशीला, थेंबभर गोंदानं,
हे काम माझं. नाव त्या लिहीत.

वहीत दोन दोन ओळींच्या जोड्या आहेत.
पंखाच्या कडेची शीर मध्येच तुटलेली: जोडी नऊ पाहा.
शीर सलग: जोडी चार.
असं करत माणूस नावापाशी पोचतो.
कधी एखादा केस झडलेला असतो आणि
नवावरून पुन्हा एकावर यावं लागतं.

आज तान्हा पोळा.
खाली इतवारीत मारबती निघाल्या असतील,
काळी, पिवळी, मागे बडगे,
आणि अख्खं शहर घसा फोडून सांगत असेल,
ताप ने, खोकला ने, डास ने, माशा ने.
मी इथं उकिडवी बसून म्हणतेय,
सगळ्या नको गं नेऊस.

ही एक खोडावर उभीच्या उभी, तोंड वर,
विजेच्या खांबावर चढता चढता
लाइनमनला काहीतरी आठवावं तशी.
हिला मी बिनवहीची ओळखते. लांबपायी.

पण त्या पलीकडच्या दोघी,
दोघी कसल्या, दोघे,
तांदळाच्या कणीएवढे, पिवळट,
पंखांच्या टोकाला धूर लागल्यासारखा डाग.
कपाळाला कपाळ लावून रेटतायत एकमेकांना
वीतभर कुजक्या लाकडासाठी.
भिंग धरलं. शृंगिकेच्या दुसऱ्या पेराला
बाहेरच्या अंगानं टोकदार कोन.
म्हणजे चौदा. चौदावरून एकोणीस.
एकोणीसवरून तेवीस.
आणि तेवीस कोरी.

आकडा घातलाय, पुढे रेघ मारलीय,
रेघेवर काहीच नाही.
त्या वर्षी मॅडमचा हात थरथरायला लागला होता.

"बाई, अजून पाहूनच राहिल्या का?"
बिसन उईके, उद्यान खात्यातला. खांद्यावर करवत.
"उद्या ट्रक येते. आज निशाणी करून ठेवतो म्हटलं."
खडूनं तो खोडावर तुकडे पाडत आला,
दोन हात, दोन हात, दोन हात,
आणि त्या दोघांपाशी थांबला.
इथं रेघ मारली नाही. वळसा घालून पुढे गेला.

काहून, विचारलं मी.
"ह्या बसल्या ना तिथं. म्हणजे आतून ओलं हाये.
करवत अडकते बाप्पा, पातं वाकडं होते.
कोरड्यावर ह्या बसतच नाई."
आणि नाव काय यांचं?
"नाव कायले पाहिजे? बसल्या का दिसते."

बाटली हातात होती. बुचाला अंगठा लावलेला.
त्यांचं रेटणं चालूच होतं,
एक जण मागे सरकला, पुन्हा आला.
मी बाटली पिशवीत टाकली.
गोंदही घरी वाळून गेलाय म्हणा कधीचा.

वही मांडीवर घेऊन
तेवीसच्या रेघेवर पेन्सिलीनं लिहिलं:
बसलेल्या जागी करवत अडकते.
मॅडम असत्या तर लगेच लाल शाईत
समासात विचारलं असतं, कुणी पाहिलं? कुठे? केव्हा?
म्हणून खाली बारीक अक्षरात,
टाचणीखालच्या चिठ्ठीवर लिहितात तसं,

बेहडा, पडलेला. नागपूर.
भाद्रपद शुद्ध एक.
बि. उईके.